शुद्ध, भान, आठवण: फिटचा अनुभव नेमका कोणाचा?

अपस्मार (फिट येण्याचा आजार) या शब्दातच स्मृती जाणं आहे. ज्याला फिट येते त्याला ती बहुतेक वेळा आठवत नाही. आठवतो तो आधीचा क्षण, पोटातून वर चढणारी लहर किंवा नसलेला जळका वास, आणि नंतरची चावलेली जिभेची कड. मधलं सगळं दुसऱ्याकडून ऐकलेलं. त्यामुळे फिटचे अनुभव सांगायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच पडतो की सांगायचं कोणी?

या प्रश्नासाठी कामाची आहे ती १८८८ साली छापलेली एक नोंद. अपस्मार असलेले एक डॉक्टर रुग्ण तपासायच्या तयारीत होते आणि तेवढ्यात त्यांना लहर जाणवली. भानावर आले तेव्हा ते लिहायच्या टेबलाशी बसलेले होते, आणि तासाभराने रुग्णाकडे गेले तर तिथे त्यांच्याच हातचं निदान होतं: डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. तपासल्याचं काहीच आठवेना. पुन्हा तपासलं, तर निदान बरोबर! मग मधल्या वेळात ते शुद्धीवर होते की नव्हते?

फिटच्या झटक्यांचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांना हा पेच आजवर नीट सुटलेला नाही. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांचे १९८१ मध्ये दोन गट केले गेले, शुद्ध टिकलेले आणि शुद्ध ढळलेले. शुद्ध म्हणजे भान (काय चाललंय ते कळणं) आणि प्रतिसाद (हाकेला उत्तर देणं), दोन्ही. २०१७ मध्ये प्रतिसाद वगळला आणि निव्वळ भानावर गट पाडले. कारण व्यवहारी होतं: झटका चालू असताना हाक मारून, प्रश्न विचारून कोण बघतं? त्यापेक्षा नंतर ‘तुम्हाला कळत होतं का?’ असं विचारणं सोपं. पण हा प्रश्न भानापेक्षा आठवणीचीच परीक्षा घेतो. शिवाय सगळं कळतंय पण तोंडातून शब्द फुटत नाही, अशा माणसाची अडचण या गटांत कुठेच दिसेना. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत तर प्रतिसादच महत्त्वाचा. तो वगळणं ही कागदावरची सोय होती, दुसरं काही नाही. २०२५ च्या सुधारणेत ‘शुद्ध’ परत आली, भान आणि प्रतिसाद दोन्ही धरून. म्हणजे छत्तीस वर्षांनी मोडलेली व्याख्या आठ वर्षांत पुन्हा जोडली.

या आठ वर्षांत घराघरात आणखी एक बदल झाला. आता डॉक्टर ‘पुढच्या वेळी मोबाइलवर शूट करा’ म्हणतात, आणि ओठ चावताना, शर्टाचं बटण चाचपताना माणूस स्वतःला पहिल्यांदा पाहतो. काहींना त्याने हायसं वाटतं, काही जण तो व्हिडिओ अर्ध्यात बंद करतात. शूट करताना हाक मारा, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगा आणि नंतर विचारा. १९८१ ची व्याख्या हेच मागत होती.