उसाचा ब्लॉक आणि 1879 चा कायदा

पुणे जिल्ह्यातल्या नीरा नदीच्या डाव्या कालव्याला 1885 मध्ये पाणी सुटले, तेव्हा मुंबई पाटबंधारे कायदा (1879 चा क्रमांक 7) सहा वर्षांचा झाला होता. लेखी अर्ज करा, कालवा अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, पाणीपट्टी भरा, असा त्यातला मूळ व्यवहार सरळ होता.

कायद्याची खरी धार दिसते ती चोरीच्या आणि झिरपलेल्या पाण्यात. चारी (कालव्यातून शेतांकडे जाणारा पाट) फोडणारा सापडला नाही, तर ज्याच्या रानात पाणी शिरून फायदा झाला त्याच्याकडून वसुली. तोही कळला नाही, तर त्या चारीवरचे सगळेच जबाबदार. कालवा सुरू झाल्यावर 200 यार्डांच्या आत कुणी विहीर पाडली आणि तिला कालव्याचा पाझर लागला, तर त्या भिजवणीवरही पट्टी. विहीर आपली, मोट आपली, बैल आपले आणि पट्टी सरकारची, हे कुणाला पटणार?

अडचण झाली हंगामी अर्जांची. पाऊस बरा झाला की अर्ज येत नसत. त्याने ओढ दिली की झुंबड. बारमाही ऊस कालव्याच्या मुखाकडच्या गावांतच दाटला. तिथल्या खोल काळ्या जमिनींना निचरा नव्हता. त्या पाणथळ झाल्या, क्षार वर आले, चोपण म्हणजे खारावून घट्ट झालेली नापीक जमीन वाढली.

पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत मांडली, ती यावर. गावोगाव गट आखायचे, गटाच्या तिसऱ्या हिश्शातच ऊस घ्यायचा आणि फेरपालट करायची. ऊसवाल्यांनी विरोध केला, तो साहजिकच होता. पुढे उसाच्या ब्लॉकची मंजुरी सहा वर्षांची रूढ झाली. शेतकऱ्याला पाण्याची हमी आणि सरकारला पट्टीची. पाऊस पडला म्हणून ‘यंदा पाणी नको’ म्हणायची सोय उरली नाही. शेतकऱ्याची हमी मात्र लंगडी. दुरुस्तीसाठी किंवा सरकारच्या हाताबाहेरच्या कारणाने पाणी बंद झाले, तर भरपाई नाही. फार तर पट्टीत सूट.

1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने हा जुना कायदा रद्द केला. नव्या अधिनियमाखाली नवे नियम मात्र कित्येक दशके झालेच नाहीत, आणि कालव्यावरचा कारभार 1934 च्या मुंबई कालवे नियमांवरच चालत राहिला.