‘पाश्चात्त्य संगीतात सगळं लिहिलेलंच असतं’ हे खरं नाही

पाश्चात्त्य वादक फक्त लिहिलेलं वाजवतो, त्याला स्वतःचं काही सुचायला वावच नसतो, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. ऑर्केस्ट्रा पाहिला की तसं वाटणं साहजिक आहे. पण १७व्या शतकातलं, इटलीतल्या चर्चमध्ये गायलं जाणारं मोटेट, म्हणजे धार्मिक शब्दांवरची गायनरचना, घ्या. गायकांच्या ओळी लिहिलेल्या असतात. ऑर्गनवाल्यापुढे मात्र खर्जाची एकच ओळ, कंटिन्युओची, म्हणजे गाण्याला सलग साथ करणारी. तिच्यावर मधूनमधून आकडे. समजा, सफेद एक सा धरला, खर्जात ‘ग’ आहे आणि त्यावर ६. ‘ग’पासून मोजत जा: सहावा येतो वरचा सा. तिसरा, म्हणजे प, न लिहिता गृहीत. कागदावर एवढंच! हे स्वर कुठल्या सप्तकात घ्यायचे, एकदम की सुटे, मध्ये काय गुंफायचं, हे वादक ठरवतो. खरा कस इथेच लागतो. पडताळायचं असेल तर एकाच मोटेटची दोन वेगळ्या वादकांची रेकॉर्डिंग लावा आणि कान फक्त ऑर्गनवर ठेवा.