सहा फुटांचा चालक आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा फूटबोर्ड

कासारवडवली, मानपाडा किंवा पातलीपाड्याहून ठाणे स्टेशन गाठायचे, तर घोडबंदर रोडवरचा हा प्रवास साधारण 10 किलोमीटरपर्यंतचा असतो आणि त्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर हे अतिशय सोयीचे वाहन आहे. मात्र उंची सहा फूट किंवा त्याहून अधिक असलेल्या माणसाने ती घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर शोरूममध्ये बहुतेक वेळा सीटच्या उंचीवरून दिले जाते. माझ्या मते हे माप उंच माणसाच्या फारसे उपयोगाचे नाही. एथर 450एक्सची सीट जमिनीपासून 780 मिलिमीटरवर आहे, टीव्हीएस आयक्यूबची 770 मिलिमीटरवर. सहा फुटी माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण 85 सेंटिमीटर भरते. म्हणजे सिग्नलला त्याचे दोन्ही तळवे रस्त्यावर सहज टेकतात, आणि कापूरबावडी, माजिवड्याच्या गर्दीत शंभर किलोंहून जड गाडी सावरताना हा त्याचा फायदाच आहे. त्याची खरी अडचण गाडी चालू लागल्यावर, पाय वर घेतल्यावर सुरू होते.

पाहायचे असते ते सीट आणि फूटबोर्ड यांमधले उभे अंतर. बॅटरी जड असल्याने ती शक्य तितकी खाली असलेली बरी. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी स्थिर वाटते. म्हणूनच अनेक कंपन्या ती फूटबोर्डखाली बसवतात. बजाजनेही डिसेंबर 2024 मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक चेतकच्या 35 मालिकेत तीच जागा निवडली आणि सीटखाली 35 लिटरची डिकी मोकळी केली. बॅटरीच्या जाडीमुळे फूटबोर्ड मात्र वर येऊ शकतो. सीटही त्याच प्रमाणात वर नेली नाही, तर पायांच्या वाट्याची जागा तेवढी कमी होते. भारतीय पुरुषाची सरासरी उंची 5 फूट 5 इंचांच्या आसपास असल्याने बहुसंख्य ग्राहकांना हा फरक जाणवत नाही.

एक साधे गणित करून पाहू. सहा फुटी माणसाच्या गुडघ्याच्या लवणीपासून बुटाच्या तळापर्यंतचे अंतर सुमारे 48 सेंटिमीटर असते. समजा, एखाद्या स्कूटरवर सीट व फूटबोर्ड यांत 40 सेंटिमीटरच अंतर आहे. पाऊल गुडघ्याच्या बरोबर खाली ठेवले तर उरलेले 8 सेंटिमीटर गुडघ्याला वर उचलतात आणि मांडी सुमारे 9 अंशांनी वर कलते. गुडघा वर जाऊ द्यायचा नसेल, तर नडगी तिरकी करून पाऊल पुढे सरकवावे लागते. आणि किती पुढे, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढले तर उत्तर 26 ते 27 सेंटिमीटर येते. उभ्या अंतरातली केवळ 8 सेंटिमीटरची तूट भरून काढायला आडवी जागा तिच्या तिपटीहून जास्त लागते, म्हणूनच उंच माणसासाठी लांब फूटबोर्ड आणि मागे सरकून बसता येईल अशी लांब, सपाट सीट या दोन गोष्टी सीटच्या उंचीपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत.

गुडघे कमरेच्या वर गेले की कटिर (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) मागे झुकतो, कंबरेचे नैसर्गिक आतले बाकदार वळण सपाट होते आणि माणूस नकळत पोक काढून बसतो. याचा मणक्यावर होणारा परिणाम मोजला गेला आहे. जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या कंबरेतील दोन मणक्यांमधल्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवला होता. उभे असताना दाब सुमारे 0.5 मेगापास्कल भरला, आरामात बसल्यावर 0.46, आणि बसून कंबर पूर्ण पुढे वाकवल्यावर 0.83. एकाच माणसावरचे हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु बसण्यापेक्षा बसण्याची पद्धत महत्त्वाची आहे, हे त्यांतून स्पष्ट दिसते. त्यात 12 इंची चाके खड्ड्यात आदळली की तो धक्का थेट माकडहाडाला बसतो, कारण गुडघे आधीच आखडलेले असल्याने पायांवर भार घेऊन किंचित उठणे अवघड जाते. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास निरोगी कंबर सोसते. पावसाळ्यातल्या रस्त्यावर तेच अंतर कापायला तासभर लागला, तर मात्र नाही.

उंचीमुळे बॅटरी लवकर संपेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने स्कूटर आणि चालक यांना हवेचा विरोध साधारण 45 न्यूटन होतो. उंच माणसाचा समोरचा आकार दहा टक्क्यांनी मोठा धरला, तरी त्यात चार-पाच न्यूटनांची भर पडते, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम सव्वा वॉट-तास. दहा किलोमीटरच्या फेरीत हा फरक नगण्य आहे.

तेव्हा दहा किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी उंच माणसाने इलेक्ट्रिक स्कूटर अवश्य घ्यावी, पण मोजपट्टी खिशात घेऊन जावे. घरी खुर्चीवर बूट घालून बसून लवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे, आणि शोरूममध्ये सीटवर बसून, ती दबलेली असताना, फूटबोर्डपर्यंतचे. त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ते गुडघ्याला लागत असेल तर उड्डाणपुलाखालच्या यू-टर्नला गाडी अर्धवट वळून अडकेल, आणि ही गैरसोय नसून धोका आहे. सकाळी कुणाला मागे बसवून स्टेशनला सोडायचे असेल, तर ही सगळी मापे त्या व्यक्तीला मागे बसवूनच घ्यावीत, कारण मागे सरकण्याची जागा गेली की आधी काढलेले 26 सेंटिमीटर कुठूनच मिळत नाहीत.