गोव्यातील चर्च आणि राज्यसत्तेची फारकत

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत धर्मसत्ता व कायदा यांचे जे नाते होते, ते १९१० नंतर तोडण्याचा झालेला प्रयत्न आणि त्या प्रयत्नाचे आजच्या गोमंतकीय कायद्यात उरलेले अवशेष, हा या लेखाचा विषय. देशात ‘समान नागरी कायद्या’ची चर्चा निघाली की गोव्याचा दाखला हमखास दिला जातो. पण गोव्याचा हा कायदा उघडून वाचणाऱ्याला त्यात धर्म पानोपानी भेटतो.

सोळाव्या शतकात गोव्यात राजा आणि चर्च वेगळे नव्हतेच. ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेने पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व दिले होते. बिशप राजा सुचवी आणि धर्मप्रसाराचा खर्चही त्याच्याच खजिन्यातून होई. त्यामुळे धर्माचा आग्रह थेट फर्मानांत उतरला. १५५९च्या राजाज्ञेने हिंदूंची पोरकी मुले जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची सोय केली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावणारे न्यायासन, आले; ते मधली चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या पोर्तुगीजांकडील तालुक्यांतली देवळे पडली. मंगेश, शांतादुर्गा यांसारखी दैवते अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, हलवली गेली. हा भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो अठराव्या शतकात आला, आणि तिथल्या रयतेला देवळे व चालीरीती सांभाळण्याची हमी देण्यात आली. जुन्या व नव्या काबिजादींतला, म्हणजे आधी आणि अठराव्या शतकात जिंकलेल्या मुलखांतला, फरक निव्वळ भूगोलाचा नाही, त्याचे कारण इथे आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या उदारमतवाद्यांनी चर्चला वेसण घातली, पण चर्च आणि राज्य यांची गाठ सोडली नाही. १८३५ मध्ये गोव्यातले धर्मसंघ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मठाचा उरलेला एकाकी मनोरा ही त्या हुकमाची खूण. माणसे गेल्यावर इमारत कोसळत गेली. मात्र १८२६च्या पोर्तुगालच्या राज्यघटनेनुसार, म्हणजे सनदेनुसार, कॅथलिक पंथ हाच राज्याचा धर्म होता. इतर धर्म परकीयांपुरते, तेही घरात आणि बाहेरून देऊळ दिसणार नाही अशा जागी. १८६७चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला तेव्हा कॅथलिकांचे लग्न चर्चचेच राहिले, आणि हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये निराळी संहिता निघाली.

खरा घाव घातला तो ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन आलेल्या प्रजासत्ताकाने. न्यायमंत्री आफोन्सु कोश्ता हे कडवे चर्चविरोधक होते. नोव्हेंबरमध्ये घटस्फोटाचा हुकूम निघाला. लग्न हा निव्वळ नागरी करार आहे असे सांगणारा हुकूम तर २५ डिसेंबरला, ऐन नाताळात निघाला. हा योगायोग मानायला पुष्कळ भाबडेपणा लागेल. २० एप्रिल १९११ च्या कायद्याने राज्य आणि चर्च यांची रीतसर फारकत केली. पोर्तुगालमध्ये ही चर्चची गळचेपी वाटली, पण गोव्यातल्या हिंदूंनी तेच दिवस सुटकेचे म्हणून लक्षात ठेवले. सरकारी नोकरीची दारे उघडली, मराठी शाळा व वाचनालयांना बळ आले, १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे पत्र सुरू केले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात, १९३० च्या वसाहत कायद्याने, यातले बरेच परत हिरावले गेले.

चर्चही मागच्या दाराने परतले. १९४० मध्ये पोर्तुगालने पोपशी करार केला, आणि त्याला धरून १९४६ चा विवाहविषयक हुकूम क्रमांक ३५४६१ गोव्यात लागू झाला. तो अजून चालू आहे. त्याचा परिणाम रोजच्या व्यवहारात असा दिसतो : हिंदू वधूवरांनी सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी ‘पहिली सही’ आणि मुदतीनंतर ‘दुसरी सही’ करायची. सप्तपदी कितीही थाटात होवो, दुसरी सही नसेल तर कायद्याच्या लेखी लग्न नाही. पहिल्या सहीलाच लग्न समजून फसलेल्या बायका गोव्यातल्या वकिलांना चांगल्या ठाऊक आहेत. कॅथलिक जोडपे मात्र पहिल्या सहीनंतर दाखला घेऊन चर्चमध्ये जाते. तिथला विधी हेच लग्न, नोंद पाद्री पाठवतो.

लग्न मोडतानाही हाच भेद. चर्चच्या न्यायपीठाने विवाह रद्दबातल ठरवला तर तो निर्णय उच्च न्यायालयामार्फत सरकारी नोंदीत उतरतो. उर्वरित भारतात असे चालत नाही. चर्चच्या निर्णयाला दिवाणी कायद्यात मोल नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितले आहे.

हिंदूंच्या वाट्याला आलेला अवशेष अधिक अवघडलेला आहे. १८८० च्या संहितेत पत्नीला पंचविशीपर्यंत मूल नसेल, किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल, तर काही अटींवर पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. हे कलम कालबाह्य झाले असले तरी समानतेचा नमुना म्हणून गौरवलेल्या कायद्यात ते आहे, एवढे विसरून चालणार नाही. गौरवाला आधार नाही असेही नाही. पती-पत्नीची मालमत्ता समाईक, मुलामुलींचा वाटा सारखा, मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मिळकत वारसांपासून तोडता येत नाही. हे नियम सर्वधर्मीयांना आहेत. शरियत कायदा आणि हिंदू विवाह कायदा, दोन्ही गोव्यात लागू नाहीत.

मुक्तीनंतर १९६२ च्या संसदीय कायद्याने हे सारे टिकवले. मुंबईतल्या एका जागेच्या वारसावादात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले की संसदेने स्वीकारल्यामुळे हा आता भारतीय कायदाच आहे, आणि गोमंतकीयाची मिळकत भारतात कुठेही असो, वारसा त्यानेच ठरेल. दरम्यान वारशाची कलमे गोवा विधिमंडळाने २०१२ च्या स्वतंत्र कायद्यात घेतली.

देवळांपासून मात्र राज्य कधी दूर झालेच नाही. १९३३ चे माझानियांचे, म्हणजे देवस्थानांच्या महाजनमंडळांचे, नियम आजही देवस्थानांना लागू आहेत. महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, कोण, निवडणूक कशी, हिशेब कुणाला दाखवायचा, सारे त्यात आहे, आणि देवस्थानांवरचा सरकारी प्रशासक म्हणजे तालुक्याचा मामलेदार. महाजनांत मानपानावरून तंटा पेटला की गाऱ्हाणे देवापुढे घातले जाते, पण अर्ज मामलेदाराकडेच जातो.