बिडाच्या पॅनमधलं स्ट्रॉबेरी कॉबलर

बिडाचा (ओतीव लोखंडाचा) नवा पॅन आजच घरी नेला असेल, तर आज कॉबलर करू नका. आधी त्यात आठ-दहा वेळा धिरडी, घावन, थालीपीठ करा. नव्या बिडावरचा तेलाचा थर कोवळा असतो. फळांचा आंबट रस तो उतरवतो, मग खाताना लोखंडाची चव लागते आणि स्ट्रॉबेरीचा लाल रंग काळपट पडतो. धिरडं कडेनं आपोआप सुटून यायला लागलं, की पॅन मुरला.

कॉबलर हा अमेरिकेतल्या घरांमधला प्रकार. तिकडे पीच किंवा ब्लॅकबेरीचं करतात. फळ आणि सैलसर पीठ पॅनमध्येच भाजून गरम गरम वाढायचं. आपल्या साताऱ्यात हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडची स्ट्रॉबेरी मिळते, तिचं हे फार छान होतं. महागडी, एकसारखी फळं घेऊ नका. बारकी, वाकडी पण आतपर्यंत लाल असलेली घ्या. अंडं लागत नाही.

१० इंची (२५ सेंमी) पॅनसाठी: स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम (५० फळांना, १०० पिठात), दूध १८० मिली, लोणी ६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, लिंबाचा रस २ लहान चमचे, मीठ दोन चिमटी. बाजारचं खारं बटर असेल तर मीठ वगळा. तूपही चालतं, पण लोणी कढताना तळाशी बसणाऱ्या बेरीचा जो खमंग वास येतो, तो तुपानं येत नाही. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर नवी आणा.

आता रसाचं. कॉबलर बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. स्ट्रॉबेरीत दहातले नऊ भाग पाणी असतं आणि साखर लागली की ते सुटतं. तसंच पॅनमध्ये घातलं तर वरून खरपूस आणि खाली पिठाचा गिच्च गोळा, असं होतं. म्हणून स्ट्रॉबेरी देठासकट धुवा. देठ आधी काढला तर फळ आत पाणी ओढतं. फडक्यावर कोरडी करा, मग देठ काढून दोन-दोन तुकडे करा. ५० ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा. चाळणीत निथळा. खाली जमलेला रस स्टीलच्या पातेल्यात (बिडात नको) आटवून निम्मा करा आणि निवू द्या. त्यात कॉर्नफ्लोअर कालवून फळांना चोळा. गरम रसात कॉर्नफ्लोअर टाकलं तर गुठळ्या होतात.

ओव्हन १८० अंशांवर तापायला ठेवा. रिकामा पॅन मंद गॅसवर ५ मिनिटं तापवा आणि लोणी घाला. फेस बसून कडा बदामी दिसू लागल्या की गॅस बंद. तोवर मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर एकत्र करून दूध घाला. पीठ आंबोळीच्या पिठाइतकं सैल हवं. फेटत बसू नका, आवरण चिवट होतं. पीठ पॅनच्या मध्यावर ओता. कडेला चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही म्हणजे पॅन थंड होता, आणि थंड पॅनमध्ये खालची बाजू पांढरी, चिकट राहते. वर फळं पसरा.

आणि आता ढवळू नका. लोणी खालून आणि कडेनं राहिलं तरच कड कुरकुरीत होते. पीठ फुगून फळांमधून आपणच वर येतं. ढवळलं की लोणी पिठात मुरतं आणि कड पॅनला धरते.

मधल्या जाळीवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा, पहिली ३० मिनिटं दार उघडू नका. वरून लवकर लाल झालं तर फॉइल सैल झाका. कडेचा रस बघा: पातळ रस भराभर उकळतो, शिजलेल्या दाट रसाचे बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटतात. मध्यावर पिठात सुरी खुपसून कोरडी निघाली की काढा. बिड उष्णता धरून ठेवतं, भाजणं बाहेरही थोडा वेळ चालू राहतं. म्हणून हवा त्यापेक्षा किंचित फिका रंग असतानाच काढा आणि २० मिनिटं थांबा. भरलेला पॅन जड असतो, दोन्ही हातांनी आणि कोरड्या फडक्यानंच धरा. ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो.

छोट्या ओटीजीत (ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) दांड्याचा पॅन मावेलच असं नाही. आधी दांड्यासकट लांबी मोजा, दार पूर्ण लागलं पाहिजे. मायक्रोवेव्ह मोडवर बिड कधीही ठेवू नका.

ओव्हन नसेल तर पॅनखाली जुना जाड तवा ठेवून, जड झाकण लावून अगदी मंद गॅसवर ४५ ते ५० मिनिटं. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पिठावर ठिबकतं; फडक्याची टोकं वर बांधून घ्या, आचेजवळ लोंबू देऊ नका. वरून रंग येणार नाही, चव येते. रंग हवाच असेल तर कोकणात धोंडसाला (काकडीच्या केकला) ठेवतात तसे झाकणावर निखारे ठेवा; मग फडकं बांधू नका आणि हे काम अंगणातच करा.

तासगावकडची बिनबियांची द्राक्षं घेतली तर उभी चिरा, फळांची साखर २० ग्रॅमवर आणा, लिंबू दुप्पट करा. मूठभर बेदाणे मिसळले तर ते थोडा रस ओढून घेतात.

उरलेलं कॉबलर त्याच रात्री काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा. रात्रभर पॅनमध्ये राहिलं तर सकाळी रस काळा आणि पॅनला चट्टे पडलेले दिसतील. गरम पॅनवर गार पाणी ओतू नका, बिड तडकतं. चिकटलेला पाक निघत नसेल तर पॅनमध्ये बोटभर पाणी उकळा आणि लाकडी उलथन्यानं खरवडा; तारेची घासणी वापरू नका. धुऊन लगेच गॅसवर सुकवा, तेलाचे दोन-तीन थेंब आतून-बाहेरून चोळा आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. हाताला तेल लागत असेल तर ते जास्त झालं, पुन्हा पुसा. नाहीतर आठवड्यानं पॅन चिकट होतो. चट्टे पडलेच तर पॅन फेकू नका. जाड मिठानं घासा, तेल लावून गॅसवर धूर येईपर्यंत तापवा, निववा, आणि हेच आणखी दोनदा करा. पुढची चार-पाच वेळा त्यात फक्त धिरडी.