व्यवसायनाम-एकरूपता

व्यवसायनाम-एकरूपता : एकाच दुकानाचे, पेढीचे किंवा दवाखान्याचे नाव गूगल मॅप्स, जस्टडायल, इंडियामार्ट अशा ऑनलाइन सूचींत अक्षरन् अक्षर सारखे ठेवण्याची पद्धत. नावाबरोबर पत्ता आणि फोन क्रमांकही यात धरतात. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नॅप’ हा शब्द या कामातल्या लोकांत रूढ झाला आहे.

उगम : कल्पनेचे मूळ बहुधा छापील दूरध्वनी निर्देशिकेत असावे. अशी पहिली निर्देशिका अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ मध्ये निघाली. ती एका पानाची होती. धंद्यांनुसार लावलेल्या ‘पिवळ्या पानां’च्या आरंभाविषयी मात्र एकमत नाही. अमेरिकेतल्याच शायेन या गावी १८८३ मध्ये मुद्रकाकडचा पांढरा कागद संपला आणि त्याने पिवळा वापरला, ही कथा नेहमी सांगितली जाते. दुसरे मत शिकागोच्या र्‍यूबेन डॉनेली यांच्या १८८६ च्या निर्देशिकेला मान देते. कागदाचा रंग ही योगायोगाची बाब आहे. वर्गवार मांडणीचा विचार केला तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. छापील निर्देशिकेत चूक झाली तरी ती सर्व प्रतींत एकसारखीच असे. नोंदी निरनिराळ्या हातांनी भरल्या जाऊ लागल्यावर विसंगतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. जस्टडायल आणि इंडियामार्ट १९९६ मधले, गूगल मॅप्स २००५ मधले. नावात सातत्य मागणाऱ्या गूगलने आपल्या नोंदणीसेवेचे नाव मात्र २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ आणि २०२१ मध्ये ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ असे बदलले.

लिप्यंतराचा प्रश्न : इंग्रजी मार्गदर्शिकांत चर्चा ‘स्ट्रीट’ पूर्ण लिहावे की संक्षेपाने, एवढ्यावरच आटोपते. मराठी नावांची अडचण त्याआधी, रोमन अक्षरांतच सुरू होते. साताऱ्यातील कंदी पेढ्यांच्या दुकानांवरचा ‘पेढेवाले’ हा शब्द घ्या. त्यातला ‘व’ कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने. दोन रूपांत फरक एका अक्षराचा, म्हणजे लेव्हेनश्टाइन अंतर (एका शब्दाचा दुसरा करायला लागणाऱ्या अक्षरबदलांची संख्या) १. या मोजणीत ती जवळजवळ एकच ठरतात. उच्चारावरून नावे जुळवणारी साउंडेक्स ही जुनी पद्धत मात्र ‘डब्ल्यू’ सोडून देते आणि ‘व्ही’ला १ हा अंक देते. परिणामी पहिल्या रूपाचा संकेत (आद्याक्षर आणि तीन अंक) ‘पी ३४०’ येतो, दुसऱ्याचा ‘पी ३१४’. कानाला एक असलेली नावे उच्चाराच्याच कसोटीवर वेगळी पडतात! ‘ळ’ आणि ‘ल’ रोमनमध्ये बहुधा एकाच अक्षरावर येतात. ‘ज्ञ’साठी मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ लिहितो; यंत्राने त्याची परत देवनागरी केली, की ‘ज्ञानेश्वर’चे ‘द्न्यानेश्वर’ होऊ शकते. सांगलीच्या विश्रामबागेतला ‘बाग’ काही पाट्यांवर ‘यू’ घेऊन येतो, काहींवर त्याशिवाय.

प्रमाण नाव कोणते : गूगलच्या नियमांनुसार पाटी, संकेतस्थळ आणि छापील कागदपत्रांवर सातत्याने वापरले जाणारे, गिऱ्हाइकांना ठाऊक असलेले नाव द्यावे, ‘साताऱ्यातील सर्वोत्तम’ अशी शेपटे त्याला लावू नयेत. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही पाटीवर मराठी देवनागरीत, आधी आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणे बंधनकारक झाले. त्यामुळे मूळ नाव देवनागरी धरून त्याचे एकच रोमन रूप ठरवणे हे धोरण येथे सयुक्तिक ठरते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत ‘कायदेशीर नाव’ आणि ‘व्यापारी नाव’ असे दोन रकाने असतात. समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक अडत पेढी आहे. पाटीवर ‘ट्रेडर्स’, बिलबुकावर आजोबांच्या काळातले ‘आणि कंपनी’ आणि एकल मालकी असल्याने कायदेशीर नावाच्या रकान्यात खुद्द मालकाचे नाव. तिन्ही खरीच. सूचीत मात्र व्यापारी नाव जावे आणि ते पाटीशी जुळावे.

परिणाम : स्थानिक शोधातला क्रम समर्पकता, अंतर आणि ठळकपणा यांवर ठरतो, असे गूगल सांगते. स्थानिक शोधाचे अभ्यासक डेव्हिड मिम यांनी २००८ पासून घेतलेल्या जाणकारांच्या सर्वेक्षणांत सूचींतील एकवाक्यतेला बरेच वजन होते. पुढे ते उतरत गेले. क्रमापेक्षा दुबार नोंदींचा तोटा अधिक खरा मानावा लागेल : एकाच गाळ्याच्या दोन नोंदी झाल्या, की अभिप्राय विभागले जातात आणि त्यातल्या एकीवर बंद पडलेला ०२३३ चा (सांगलीच्या संकेतांकाचा) लँडलाइन राहून जातो.

पत्ता : साताऱ्यात ‘पोवई नाका’ आणि ‘पोई नाका’ दोन्ही चालतात, टपालवाल्याला फरक पडत नाही, यंत्राला पडू शकतो. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे २०२५ मध्ये ईश्वरपूर झाले. तेथील दुकानदाराला आपले नाव न बदलताही प्रत्येक सूचीतली नोंद उघडावी लागते.