मोबाईल स्टार्टरच्या डब्यापासून पेटंटच्या कचेरीपर्यंत : अँटेनाच्या मांडणीच्या परीक्षणाची पार्श्वभूमी

विहिरीवरच्या मोटारीशेजारी खांबाला टांगलेला पत्र्याचा डबा आणि त्यातून बाहेर आलेला वीतभर काळा अँटेना हे दृश्य वर्धा, यवतमाळ, अमरावती जिल्ह्यांतल्या वावरांमध्ये आता कोणालाही नवे नाही. कृषिपंपांची वीज पाळीने, अनेकदा रात्री येते. अशा वेळी साप-विंचवाची जोखीम घेऊन अंधारात विहिरीवर जाण्याऐवजी शेतकरी घरूनच मोबाईलवरून मोटर सुरू करतो आणि डब्यातले सिमकार्ड घातलेले यंत्र ती सूचना स्टार्टरपर्यंत पोहोचवते. या यंत्राला गावोगाव मोबाईल स्टार्टर म्हणतात. त्याचा अँटेना डब्याच्या आत ठेवला तर रेंज जाते, कारण सगळीकडून बंद असलेला पत्रा रेडिओलहरींना आत येऊ देत नाही. म्हणून कारागीर तो बाहेर काढतात. कोणी तारेने बांबूच्या टोकाला नेतात, तर कोणी डब्याच्या झाकणावर मधोमध उभा करतात. झाकणावरची जागा बहुधा चांगली ठरते, कारण अशा उभ्या अँटेनाला खालचा सपाट पत्रा आरशासारखा उपयोगी पडतो आणि त्याचा उरलेला अर्धा भाग जणू पत्राच पुरवतो.

अँटेना तोच, डबाही तोच, फक्त जागा बदलली. असा बदल पेटंट मिळण्याजोगा शोध ठरू शकतो का, हा प्रश्न बिनतारी उपकरणांच्या अर्जांत परीक्षकांपुढे पुन्हा पुन्हा येतो. भारतातल्या पेटंट-परीक्षकांचे प्रशिक्षण नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते आणि पेटंटविषयक माहितीचे केंद्र नागपुरात १९७५ पासून आहे, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न विदर्भाला अजिबात परका वाटू नये. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते अँटेनाच्या शास्त्रात आणि पेटंटच्या कायद्यात दीडशेहून अधिक वर्षांत जे घडले त्यात विखुरलेले आहे.

अँटेनाचे माप लहरीच्या लांबीवर ठरते आणि बाकी सगळे या एका गोष्टीतून निघते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर ऐकू येई. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. एवढ्या लांबीच्या लहरीला साजेसा अँटेना घरात मावणे शक्य नव्हते, म्हणून ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर तार गुंडाळलेली असे. ही कांडी एका विशिष्ट दिशेत धरली की आवाज स्वच्छ येई आणि काटकोनात वळवली की विरून जाई. बातम्या लागण्यापूर्वी ट्रान्झिस्टर हातात घेऊन तो हळूहळू फिरवणारी वडीलधारी माणसे पाहिलेल्या प्रत्येकाने अँटेनाच्या मांडणीचा परिणाम स्वतः अनुभवलेला आहे. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर असते आणि तिच्या पावपटीचा, म्हणजे आठेक सेंटीमीटरचा अँटेना पुरतो. डब्यावरचा अँटेना वीतभर किंवा त्याहून लहान असतो तो याच हिशेबाने.

या क्षेत्रातला पेटंटचा इतिहास सुरुवातीपासूनच वादग्रस्त आहे. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि त्यांच्या प्रयोगांत कर्ण्याच्या आकाराचा अँटेनाही होता. ज्ञान विकण्याची त्यांना इच्छा नव्हती. तरीही सुहृदांच्या आग्रहावरून लहरी ओळखणाऱ्या त्यांच्या साधनासाठी अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट त्यांना मिळाले. मार्कोनी यांनी मात्र १८९६ मध्येच ब्रिटनमध्ये अर्ज केला होता. पुढे अँटेनाचे विद्युत मंडल (सर्किट) आणि यंत्राचे मंडल एकाच लहरीला जुळवून घेण्याची त्यांची योजना अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने आधी वारंवार नाकारली आणि नंतर १९०४ मध्ये मंजूर केली. या पेटंटचे महत्त्वाचे दावे (हक्क नेमका कशावर आहे हे सांगणारे मुद्दे) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये रद्द ठरवले, कारण जॉन स्टोन स्टोन या अमेरिकी अभियंत्यांनी तीच कल्पना मार्कोनींच्या अर्जाच्या काही महिने आधी आपल्या अर्जात मांडलेली होती. परीक्षण झाले, पेटंट मिळाले, म्हणजे ते कायमचे पक्के झाले, असे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

गावातल्या घरांच्या छपरांवर एके काळी ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचा जो अँटेना दिसे, त्याची कथा याहून बोलकी आहे. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये तो मांडला. त्यातल्या एकाच कांडीला तार जोडलेली असते. मागची किंचित लांब कांडी लहर परतवते, पुढच्या किंचित आखूड कांड्या तिला पुढे नेतात आणि या कांड्यांना कसलीही जोडणी नसते. त्यातली कोणतीही कांडी एकटी घेतली तर ती ॲल्युमिनियमची साधी नळी आहे. ठराविक लांबीत आणि ठराविक अंतरावर ठेवल्या की सगळ्या मिळून एका दिशेकडचा क्षीण संदेश पकडतात. मांडणी हाच शोध असू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे. जपानी पेटंट मात्र केवळ यागी यांच्या नावाने घेतले गेले आणि प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा भार वाहणारे उदा बराच काळ मागे राहिले. हे खटकते आणि खटकायलाच हवे.

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज त्याच वर्षी ३ मार्चला कोलकात्यात जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता. त्यानंतर १८५९, १८८८ आणि १९११ चे कायदे आले. स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समितीने आणि पुढे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने या कायद्याचा आढावा घेतला आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा तयार होऊन २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. याच कायद्यातल्या कलम ३ च्या एफ उपकलमाने अँटेनाच्या मांडणीपुढे एक अडसर ठेवला आहे. ज्ञात साधने आपापल्या ज्ञात पद्धतीने, एकमेकांवर अवलंबून न राहता काम करीत असतील, तर त्यांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोध मानला जात नाही, असे ते सांगते.

हे वाक्य नीट वाचले पाहिजे, कारण त्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवून अनेक जण हात टेकतात. मांडणीला पेटंट नाही, असे कायदा म्हणत नाही. एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या वस्तूंच्या मांडणीला पेटंट नाही, असे तो म्हणतो. जवळजवळ ठेवलेले दोन अँटेना तर स्वभावतःच एकमेकांवर परिणाम करतात. एकातली ऊर्जा दुसऱ्यात झिरपते, दोघांच्या दिशा बदलतात, खालच्या पत्र्याचा आकारही त्यात भाग घेतो. म्हणून अर्जदाराने हा परस्परसंबंध दाखवून दिला, तर या उपकलमाचा आक्षेप बहुधा टिकत नाही. खरी परीक्षा त्याच्या पुढे असते. या विषयात पारंगत असलेल्या सामान्य कुशल माणसाला हा बदल सहज सुचला असता का, असे परीक्षक विचारतो.

या परीक्षेची आपल्याकडची मोजपट्टी भांड्यांच्या एका खटल्यातून आली. मिर्झापूरला पितळेची भांडी बनवणाऱ्या एका उद्योगाने भांडे चरकावर (लेथवर) घट्ट धरून ठेवण्याच्या साधनासाठी १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने ते पेटंट टिकू शकत नाही असा निर्णय दिला. कारखान्यात काम करता करता कुशल कारागीर जी सुधारणा सहज करतो, ती पेटंटला पुरेशी नाही. जुन्या भागांच्या एकत्र येण्यातून नवा परिणाम किंवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, आणि तिच्यात शोधाची पायरी असली पाहिजे, हा त्याचा गाभा. अँटेनाचे अर्ज तपासतानाही परीक्षक याच कसोटीवर येतो. मोबाईल स्टार्टरचा अँटेना डब्याबाहेर काढणे ही या कसोटीवर कारागिराची सुधारणाच ठरेल, कारण पत्रा लहर अडवतो हे साऱ्यांना ठाऊक आहे. यात त्या कारागिराचा अपमान नाही, पण पेटंटही नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून फोनचा बाहेरचा अँटेना आत जाऊ लागला आणि मांडणी हा स्वतंत्र विषय झाला. एवढ्याशा जागेत बॅटरी, पडदा, कॅमेरा आणि वरून माणसाचा हात, या सर्वांशी जुळवून अँटेना बसवायचा होता. हातामुळे काय होते हे २०१० मध्ये आयफोन ४ ने जगाला दाखवले. त्याच्या कडेची पोलादी पट्टी हाच अँटेना होता आणि एका ठराविक जागी बोट टेकले की रेंज घटे. ॲपलने अखेर ग्राहकांना आवरणे फुकट दिली.

त्याआधीच एकाऐवजी अनेक अँटेना वापरण्याची कल्पना रुजली होती आणि तिच्यात आपल्याकडच्या दोघांचा वाटा आहे. भारतीय नौदलासाठी सोनार, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू ध्वनीने शोधणारी यंत्रणा उभारून पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात गेलेले आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले थॉमस कैलाथ यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९९४ मध्ये ५३,४५,५९९ क्रमांकाचे पेटंट त्यांना मिळाले. एकाच वेळी, एकाच लहरपट्ट्यात, वेगवेगळ्या जागच्या अँटेनांमधून माहितीचे वेगवेगळे प्रवाह पाठवायचे आणि घेणाऱ्या बाजूने अनेक अँटेनांच्या साहाय्याने ते वेगळे करायचे, ही ती कल्पना. आज फोर-जी, फाइव्ह-जी आणि वाय-फाय तिच्यावर उभे आहेत. तिने परीक्षकाचे काम मात्र अवघड केले. अँटेना परस्परांपासून साधारण अर्ध्या लहरीइतके दूर हवेत, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला सोळा-सतरा सेंटीमीटर, आणि फोनची रुंदी तर सात-आठ सेंटीमीटर. ही अडचण सोडवण्यासाठी अँटेना काटकोनात ठेवणे, मधल्या पत्र्यात खाच पाडणे, धातूच्या कडेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळे काम देणे, हात कुठे आहे ते ओळखून दुसऱ्या अँटेनाकडे वळणे असे असंख्य उपाय निघाले आणि प्रत्येकावर अर्ज पडले. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात अँटेनासाठी एच ०१ क्यू हा वर्ग आहे, तर अनेक अँटेनांनी संदेश पाठवण्याच्या पद्धती एच ०४ बी ७ मध्ये जातात. एकाच उपकरणाचा अर्ज दोन्हीकडे शोधावा लागतो. अँटेना कोणत्या क्षणी बदलायचा हे ठरवणारा नियम दाव्यात आला की कलम ३ चे के उपकलमही उभे राहते, कारण निव्वळ संगणक-आज्ञावली आणि गणनपद्धती यांना आपल्याकडे पेटंट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधाला या उपकलमाने सरसकट अडवू नये असे स्पष्ट केले, आणि अँटेनाच्या अर्जदारांना त्याचा आधार मिळाला.

भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस करारात आणि पेटंट सहकार्य करारात सामील झाल्यावर परदेशी अर्जांचा मार्ग सोपा झाला. २००२ च्या दुरुस्तीने, जी २० मे २००३ पासून लागू झाली, पेटंटची मुदत सरसकट २० वर्षांची केली, अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होऊ लागला आणि परीक्षणासाठी वेगळी विनंती करणे आवश्यक झाले. या विनंतीची मुदत पुढे ४८ महिने होती. मार्च २०२४ च्या नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. विनंतीनंतर परीक्षक जुनी पेटंटे आणि लेख धुंडाळून पहिला परीक्षण अहवाल पाठवतो आणि त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते.

गावाकडच्या कल्पक माणसाचे नुकसान बहुतेकदा या अहवालाच्या फार आधी झालेले असते. नवे यंत्र तयार झाले की तो ते कृषी प्रदर्शनात मांडतो, व्हिडिओ काढून पाठवतो, शेजाऱ्याच्या विहिरीवर विकतो, आणि मग वर्षभराने पेटंटची चौकशी करतो. तोवर नावीन्य संपलेले असते. कायद्याने सवलत ठेवली आहे, पण ती अरुंद आहे: केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनातली मांडणी, किंवा शोधाच्या स्वरूपामुळे उघड्यावर करावीच लागणारी वाजवी चाचणी, आणि तीही अर्जापूर्वीच्या वर्षभरातली. याउलट तात्पुरते तपशीलपत्र (शोधाचे वर्णन करणारा कागद) दाखल करून पूर्ण तपशीलपत्रासाठी बारा महिने घेता येतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. ही माहिती प्रत्येक तालुक्याच्या तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये भिंतीवर लिहिलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

पूर्ण तपशीलपत्रात कायद्याचे कलम १० इतर गोष्टींबरोबर या दोन गोष्टी मागते: शोधाचे पूर्ण वर्णन आणि अर्जदाराला माहीत असलेली तो वापरण्याची सर्वोत्तम पद्धत. मूळ कागदात नसलेली बाब पुढे दुरुस्तीच्या नावाखाली दाव्यात आणता येत नाही. समजा, एखाद्या कारागिराला आढळले की जूनमध्ये नीट चालणारा स्टार्टर ऑक्टोबरमध्ये अडखळतो, कारण तोवर तूर पुरुषभर उंच वाढलेली असते आणि ओला पाला लहर शोषून घेतो. आणि त्याने दोन अँटेना, एक झाकणावर आणि दुसरा काटकोनात आडवा, अशा अंतरावर बसवले की एक क्षीण झाला तरी दुसरा टिकतो. अशा अर्जात दोन्ही अँटेनांमधले अंतर, पत्र्याचे माप, उभ्या पिकात आणि मोकळ्या वावरात घेतलेली संदेशाच्या शक्तीची डेसिबलमधली नोंद, तसेच एकच अँटेना ठेवून केलेली तुलना, हे सारे पहिल्या दिवशीच लिहिलेले असेल, तर कलम ३ चा आक्षेप आणि मिर्झापूरच्या खटल्याची कसोटी या दोन्हींना उत्तर देण्यासाठी त्याच्या हातात काही तरी असते. नोंदी नसतील, तर तीच मांडणी परीक्षकाला दोन जुन्या अँटेनांची जोडणी म्हणून दिसते.